आधी 72 तास, मग 4 आठवडे

24 व्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास सीटी स्कॅनच्या पडद्यावर हवेचे बारीक बुडबुडे दिसले. जठराच्या मागे, जिथं स्वादुपिंड असतं, त्या जागी हवा असायचं एरवी काही कारण नसतं. मेलेल्या ऊतीत जंतू शिरले, वाढले आणि त्यांनी हा वायू केला, असा त्याचा अर्थ. तीव्र स्वादुपिंडदाहातली सगळ्यात धास्तीची घडी ती हीच.

ही घडी एकाएकी येत नाही. पुढे ज्या बाई भेटतील त्या कल्पित आहेत: वय 44, वजन 62 किलो, मुक्काम तालुक्याचं गाव. त्यांचे आकडेही मी बसवलेले आहेत. आजाराची चाल मात्र खरी आहे, महाराष्ट्रातल्या कुठल्याही आयसीयूतल्या डॉक्टरला ती ओळखीची वाटेल. पहिले तीन दिवस हा आजार तासांच्या हिशेबाने चालतो, त्यानंतर आठवड्यांच्या. आपल्याकडे पुष्कळदा नेमकं उलटं होतं. तासांच्या वेळी ढिलाई होते आणि आठवड्यांच्या वेळी घाई.

14 महिने आधी

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दोनदा दुखलं म्हणून सोनोग्राफी झाली. पित्ताशयात अनेक बारीक खडे, सर्वांत मोठा 5 मिलिमीटरचा. सर्जनने दुर्बिणीतून पित्ताशय काढून घ्या म्हणून सांगितलं. "लेकीचं लग्न उरकू दे, मग बघू," असं ठरलं आणि रिपोर्ट कपाटात गेला.

खडे बारीक आहेत हे ऐकून घरच्यांना हायसं वाटलं होतं. खरं तर धोका बारीक खड्यांचाच जास्त. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो. बारीक खडा अरुंद नळीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरतो, आणि ही पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात जिथं एकत्र उघडतात त्या तोंडाशी अडकू शकतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये युजीन ओपी यांनी 1901 मध्ये शवविच्छेदनात नेमका असा खडा दाखवला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे ही. दुखणारे खडे असतील तर ऑपरेशन पुढे ढकलू नये.

गुरुवार, रात्री 11.40. तास 0

लग्न लागलं, वरात गेली, बाई शेवटच्या पंगतीला जेवल्या. वरच्या पोटात कळ आली आणि अर्ध्या तासात वाढत जाऊन थेट पाठीत गेली.

आत काय चाललंय ते पाहू. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करतं. त्यातलं प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन इथं निष्क्रिय रूपात बनतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं, म्हणून ते स्वतःच्या घराला हात लावत नाही. आता तोंड बंद झालं, नलिकेत दाब वाढला, पेशींमधलं कॅल्शियमचं गणित बिघडलं आणि ट्रिप्सिन पेशीच्या आतच जागं झालं. एक जागं झालं की ते बाकीच्या विकरांना जागं करतं. स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागलं. खडा बहुतेक वेळा काही तासांत आपणहून आतड्यात घरंगळतो, पण तोवर सुरू झालेलं थांबत नाही.

शुक्रवार, रात्री 1.30

"वहिनी, ओवा चावून वर गरम पाणी घ्या. दिवसभर उपाशी होतात, पित्त झालंय," नणंद म्हणाली. बाईंनी ओवा चावला, उलटी झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. "विहीणबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

पहाटे 4.30. तास 5

शेजारच्या डॉक्टरांनी येऊन ॲसिडिटीचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. दुखणं तसूभरही हललं नाही. बाईंना आडवं पडवेना. गादीवर बसून, उशी पोटाशी घट्ट धरून त्या पुढे वाकून राहिल्या होत्या.

हे बसणं ओळखता आलं पाहिजे. पाठीत घुसणारं, उलटी होऊनही न थांबणारं, उताणं झोपलं की वाढणारं आणि पुढे वाकलं की जरासं सुसह्य होणारं दुखणं पित्ताचं नसतं. ते हृदयाचं असेल, जठराला पडलेल्या छिद्राचं असेल, नाहीतर स्वादुपिंडाचं. तिन्हींत सकाळपर्यंत थांबायची सोय नाही. घरातली बाई आपलं दुखणं शेवटी सांगते आणि घर ते त्याहून उशिरा ऐकतं, यात या आजाराचे किती मोलाचे तास जातात याची मला खंत वाटते.

सकाळी 7.15. तास साडेसात

गावातलं नर्सिंग होम. आधी ईसीजी, तो ठीक. नाडी 116, रक्तदाब 100/64. रक्तात लायपेज 2,860.

निदानाचा नियम सोपा आहे. विशिष्ट प्रकारचं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी-सीटीवर दिसणारी खूण, या तिन्हींतल्या दोन जुळल्या की निदान पक्कं. इथं दोन जुळल्या होत्या. नातेवाईक मात्र 2,860 या आकड्याला घाबरले. तो आकडा आजार आहे एवढंच सांगतो, किती गंभीर आहे ते सांगत नाही. लायपेज हजारांत असलेले रुग्ण चार दिवसांत घरी जातात आणि त्याहून कमी असलेले दगावतात. रोज लायपेज तपासून "उतरलं का?" पाहण्यात पैसे जातात, हाती काही लागत नाही.

लक्ष द्यायचं ते दुसऱ्या आकड्याकडे. हिमॅटोक्रिट 47. रक्त घट्ट झालं होतं, कारण रक्तातलं पाणी सुजलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात मागच्या बाजूला साठत होतं. आणि रक्त नीट न पोचलेलं स्वादुपिंड मरतं.

सकाळी 8.30

रिंगर लॅक्टेटचं सलाईन सुरू झालं. पहिल्या दोन तासांत 620 मिलिलिटर, म्हणजे किलोमागे 10, आणि मग ताशी 90 च्या आसपास.

काही वर्षांपूर्वीपर्यंत याहून कितीतरी जोरात सलाईन सोडायची पद्धत होती. नळ मोकळा सोडा, तितकं स्वादुपिंड वाचेल, असा समज. 2022 मध्ये वॉटरफॉल या चाचणीने तो मोडला. भारतासह चार देशांतल्या 249 रुग्णांमध्ये जोरकस आणि बेताचं सलाईन अशी तुलना झाली. जोरकस गटात 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताच्या गटात 6.3 टक्के. आजार काही सौम्य झाला नाही. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. म्हणून आता द्यायचं, मोजायचं, पुन्हा ठरवायचं. यात मोजायचं हा भाग सगळ्यात जास्त सुटतो.

वेदनाशामकही याच वेळी सुरू झालं, ट्रामाडॉल आणि त्याने भागेना तेव्हा फेंटानिल. "दुखणं दाबलं तर आजार कळणार नाही" ही जुनी समजूत सोडून द्यायला हवी. निदान झाल्यावर माणसाला कण्हत ठेवण्यात काही शहाणपण नाही.

दुपारी 3. तास 15

लघवीच्या पिशवीवर रेघा असतात. नर्सने खाली वाकून, पिशवी हाताने न उचलता, रेघेच्या पातळीत डोळा आणून वाचलं: सहा तासांत 90 मिलिलिटर. रंग कडक चहाचा. 62 किलोच्या बाईंना ताशी किमान 30 तरी व्हायला हवी होती, म्हणजे सहा तासांत 180. अर्धीच झाली. तिने केसपेपरवर आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि डॉक्टरांना फोन केला. पूर्ण दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते होतं, आणि त्याला कुठलंही यंत्र लागलं नाही.

संध्याकाळी 6

"सीटी का करत नाही, डॉक्टर? पुण्यात लगेच करतात," मुलाने विचारलं. कारण आज काढलेला सीटी फसवेल. कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून दिलं की जिवंत ऊती उजळते, मेलेली उजळत नाही. पण ऊती मरण्याचा पूर्ण आवाका दिसायला 72 ते 96 तास लागतात. पहिल्या दिवशीचा "ठीक" रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त झालेली घरं आहेत. निदानच शंकास्पद असेल, तर लवकर सीटी जरूर करावा. इथं शंका नव्हती. कावीळ आणि थंडी-ताप नव्हता, म्हणून पित्तनलिकेत तातडीने दुर्बीण घालायचीही गरज नव्हती.

रात्री 11.40. तास 24

नाडी 124. श्वास मिनिटाला 28. ऑक्सिजन 91 टक्के. नर्सिंग होममध्ये यापुढे ठेवणं धोक्याचं होतं. 108 ची ॲम्ब्युलन्स आली, आणि जिल्ह्याच्या गावी जाईपर्यंत सलाईन व ऑक्सिजन चालू राहिला. चोवीस तासांत हलवलं हे या गोष्टीतलं भाग्य. चौथ्या दिवशी, लघवी बंद झाल्यावर पाठवलेले रुग्ण बरेच असतात.

शनिवार, दुपारी. तास 38

डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी. क्रिएटिनिन 2.1, म्हणजे मूत्रपिंडं मागे पडू लागली होती. कॅल्शियम 7.2, म्हणजे कमी.

या कॅल्शियमची गोष्ट मला नेहमी अचंबित करते. स्वादुपिंडातून सुटलेलं लायपेज आजूबाजूची चरबी फोडतं. त्यातून सुटलेली मेदाम्लं रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि पोटात अक्षरशः साबण तयार होतो. अशा पोटात सर्जनला चरबीवर खडूच्या रंगाचे पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1889 मध्ये या आजाराचं पहिलं नीटस वर्णन केलं, तेव्हाही चरबीच्या या नाशाची नोंद त्यांनी केली होती.

शनिवार, रात्री 11.40. तास 48

या तासाला काही नवीन घडलं नाही, आणि तीच वाईट बातमी होती. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या साधारण दहापैकी आठ रुग्णांचं इथवर निवळत येतं. एखादा अवयव थकला तरी 48 तासांच्या आत सावरला, तर आजार मध्यम धरतात. त्यापुढेही थकलेलाच राहिला तर गंभीर. 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाची रेघ इथं आहे. बाईंना ऑक्सिजन लागतच होता, मूत्रपिंडं मागे पडलेलीच होती. रक्तातला सीआरपी, म्हणजे अंगातल्या दाहाचा आकडा, 280. दीडशेच्या वर गेला की ऊती मरत असल्याची शंका घेतात.

रविवार, सकाळी. तास 58

नाकातून नळी टाकून पातळ अन्न सुरू. "स्वादुपिंडाला विश्रांती" म्हणून आठवडाभर उपाशी ठेवायचे दिवस गेले. रिकाम्या आतड्याचं अस्तर विरतं आणि आतले जंतू बाहेर पडायला वाट मिळते. पुढे संसर्ग होणार तो याच वाटेने.

सोमवार, सकाळी 11. तास 83

आता सीटी. मूत्रपिंडं जरा सावरल्यावर, विचार करून. औषध शिरेतून गेलं, यकृत उजळलं, प्लीहा उजळली, महाधमनी पांढरीशुभ्र झाली. स्वादुपिंडाचा उजवीकडचा भाग उजळला. मधला भाग आणि शेपूट, म्हणजे निम्म्याहून जास्त, तसंच करडं राहिलं. रक्त तिथं पोचतच नव्हतं. भोवती पाण्याचा आणि मेलेल्या चरबीचा साठा डाव्या मूत्रपिंडाच्या पुढून खाली उतरलेला.

पती सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "डॉक्टर, मेलेलं आहे ना? मग काढून टाका. पैशाचं आम्ही बघतो."

हा प्रश्न रास्त आहे. सर्जनांच्या पिढ्यांनी तो स्वतःला विचारला आणि "काढतो" असं उत्तर देऊन पोटं उघडली. मेक्सिकोत एका चाचणीत हे तपासून पाहिलं गेलं, निष्कर्ष 1997 मध्ये आले. 48 ते 72 तासांत ऑपरेशन झालेल्यांपैकी 56 टक्के दगावले, 12 दिवसांनंतर झालेल्यांपैकी 27 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. कारण या दिवसांत मेलेलं आणि जिवंत एकमेकांत मिसळलेलं असतं. मेलेलं ओढायला गेलं की जिवंत ऊती फाटते, रक्त थांबत नाही. आणि ज्या शरीराची फुफ्फुसं-मूत्रपिंडं आधीच थकली आहेत त्याला भूल आणि मोठी चीर सोसत नाही. गळू पिकल्याशिवाय फोडत नाहीत, हे आपल्या आजीला माहीत होतं. इथं पिकायला साधारण 4 आठवडे लागतात. तेवढ्यात मेलेल्या भागाभोवती शरीर एक भिंत घालतं.

डॉक्टरांनी पतींना खुर्चीवर बसवून हे वीस मिनिटं समजावलं. "दादा, आज चाकू लावला तर मी काहीतरी केलं असं दिसेल, पण वहिनींचं नुकसान होईल." माझ्या मते या आजारात अशा वीस मिनिटांची किंमत एखाद्या ऑपरेशनइतकी आहे. ती न दिल्यामुळे किती नातेवाईक रुग्ण उचलून, "लगेच ऑपरेशन करतो" म्हणणाऱ्याकडे जातात.

9 वा दिवस

ताप 101. पांढऱ्या पेशी 16 हजार. हात लगेच अँटिबायोटिककडे जातो. पण पहिल्या दीड आठवड्यातला ताप बहुधा जंतूंचा नसतो, मरणाऱ्या ऊतीमुळे पेटलेल्या शरीराचा असतो. खबरदारी म्हणून दिलेली अँटिबायोटिक्स मेलेल्या भागातला संसर्ग टाळत नाहीत, हे बऱ्याच चाचण्यांनंतर मान्य झालं आहे. उलट पुढे खरा संसर्ग होतो तेव्हा समोर कार्बापेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही न जुमानणारा क्लेब्सिएला जंतू किंवा कँडिडासारखी बुरशी उभी राहते. आपल्या आयसीयूंत हे रोजचं झालं आहे. रक्ताची कल्चर पाठवली, जुनी सेंट्रल लाइन काढली, थांबले. कल्चर निर्जंतुक आलं. ताप उतरला.

16 वा दिवस

वॉर्डात. बाई चार पावलं चालल्या.

22 वा दिवस, संध्याकाळ

थंडी वाजून ताप, 102.6. भूक गेली. दोन दिवसांपूर्वी नातेवाईकांशी हसून बोलणाऱ्या बाई उत्तर द्यायलाही तयार नव्हत्या. ज्यांची ऊती मेली आहे अशा साधारण एक तृतीयांश रुग्णांत संसर्ग होतो, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सावरत आलेला रुग्ण पुन्हा ढासळला की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हेच धरायचं.

24 वा दिवस, पहाटे 4

बुडबुडे. आता मेरोपेनेम हे अँटिबायोटिक, वेळ न दवडता. पूर्वी निदानासाठी सुई घालून पाणी काढत. सीटीवर वायू असताना त्याची गरज नसते.

आणि तरीही लगेच नळी नाही. नेदरलँड्समधल्या 2021 च्या पॉइंटर चाचणीत 104 रुग्णांमध्ये संसर्ग कळताच नळी घालणं आणि भिंत तयार होईपर्यंत अँटिबायोटिकवर थांबणं यांची तुलना झाली. लगेच घालून फायदा झाला नाही. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांचं अँटिबायोटिकवरच भागलं. थांबणं म्हणजे मात्र डोळ्यांत तेल घालून थांबणं, दर काही तासांनी रक्तदाब, लघवी, शुद्ध.

27 वा दिवस, दुपारी 1

रक्तदाब 84/50. थांबायची मुदत संपली. सीटीवर पाहत, डाव्या कुशीतून, आतडी आणि पोटाची पोकळी टाळून मागच्या बाजूने 14 फ्रेंच मापाची नळी साठ्यात घातली. पहिल्या तासात 400 मिलिलिटर घट्ट, करडा, दुर्गंधी पू आला. संध्याकाळपर्यंत रक्तदाब सावरला.

कुशीतली वाट मुद्दाम निवडलेली असते. पुढे लागलंच तर त्याच नळीच्या मार्गाने, लहानशा चिरेतून मेलेले तुकडे काढता येतात. 2010 च्या पँटर चाचणीने ही पायरीपायरीची रीत रुजवली. सरळ पोट उघडलेल्यांत मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू 69 टक्क्यांना, पायरीने गेलेल्यांत 40 टक्क्यांना. पायरीने गेलेल्यांपैकी 35 टक्क्यांना नळीपुढे काही करावंच लागलं नाही.

34 वा दिवस

बाई त्या 35 टक्क्यांत नव्हत्या. ताप परतला. आता भिंत पक्की झाली होती आणि साठा जठराला चिकटून होता. तोंडातून एंडोस्कोप, त्याच्या टोकाला सोनोग्राफी, जठराच्या मागच्या भिंतीतून साठ्यात धातूचा रुंद, आखूड स्टेंट. त्यातून दुर्बीण थेट मेलेल्या भागात. फासात धरून काळपट करडे, मऊ तुकडे एकेक करून जठरात आणून सोडायचे, गुलाबी जिवंत ऊती दिसली की हात आवरायचा. तीन बैठका झाल्या. ऑपरेशनच्या वाटेपेक्षा या वाटेने जीव जास्त वाचतात असं 2018 च्या टेन्शन चाचणीत दिसलं नाही, पण स्वादुपिंडाचा रस कातडीतून बाहेर गळत राहण्याचं प्रमाण 32 वरून 5 टक्क्यांवर आलं. महिनोन्‌महिने कुशीला पिशवी लावून राहिलेल्या माणसाला विचारा याची किंमत.

41 वा दिवस, पहाटे 5.20

कुशीच्या नळीत चमचाभर ताजं रक्त. रात्रपाळीच्या नर्सने ते "थोडंसंच आहे" म्हणून सोडलं नाही. पाचकरसाने कुरतडलेल्या प्लीहेच्या धमनीला फुगा आला होता. असा फुगा फुटण्याआधी अनेकदा एवढीच सूचना देतो. दीड तासात अँजिओग्राफी, मांडीतून नळी, धमनीत कॉइल.

58 वा दिवस आणि पुढे

बाई घरी गेल्या, वजन 49 किलो. धातूचा स्टेंट घातल्यापासून चार आठवड्यांच्या आत काढला, कारण साठा आकसल्यावर त्याची कड धमनीला घासते. अकराव्या आठवड्यात, सूज विरल्यावर, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सौम्य आजारात ते त्याच मुक्कामात काढायला हवं; इतका नाश झालेला असताना मात्र थांबावं लागतं.

निम्मं स्वादुपिंड गेलं की इन्सुलिनही कमी पडतं आणि पाचकरसही. बाईंची उपाशीपोटीची साखर आता 168 आहे, आणि मल तेलकट, पाण्यावर तरंगणारा होतो. त्यासाठी विकरांच्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्या जेवणानंतर घेऊन उपयोग नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, आणि जेवण लांबलं तर मध्ये आणखी एक. दर तीन महिन्यांनी साखर आणि वजन बघायचं आहे. पुढच्या तपासणीची तारीख या वेळी पतींनी स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवली आहे.